गोठ्याच्या भिंतीतला रेझर: एका तड्याचं निदान आणि दुरुस्ती

अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून हा रेझर माझ्याकडे आला, तेव्हा त्याचं काय करायचं हे घरच्यांनी आधीच ठरवलेलं होतं. दिवाळीनंतर नानांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. नानांच्या वडिलांचं, म्हणजे आबांचं दाढीचं मशीन सोन्याचं पाणी चढवून त्या दिवशी नानांच्या हातात द्यायचं, असा त्यांच्या थोरल्या मुलाचा बेत होता. जळगावच्या सराफ बाजारात त्याने मुलामा देणारा कारागीरही पाहून ठेवला होता. जुने रेझर जमवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस जळगावातच आहे असं कुणीतरी सांगितलं, म्हणून जाता जाता तो डबी घेऊन माझ्याकडे थांबला.

सविस्तर लिहितोय, कारण अशा वस्तूचं सगळ्यात मोठं नुकसान ती सापडल्यानंतर होतं. पन्नास-साठ वर्षं कोनाड्यात तग धरलेला रेझर एका दुपारच्या बफिंगमध्ये, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चमकवण्यात, कायमचा जातो. या रेझरचा खरा आजार मळ नव्हताच. त्याच्या दांड्याला तडा होता, आणि त्या तड्याचं कारण समजल्याशिवाय त्याला हात लावणं चुकीचं ठरलं असतं.

वस्तू कशी होती

पत्र्याची काळी डबी, तळाला गंजून भोकं पडलेली. आत तीन सुटे भाग: वरची टोपी, मधली दातेरी फणी आणि दांडा. निकेलचा मुलामा असलेलं पितळ. फणीच्या खालच्या बाजूला जिलेटची खूण आणि 'मेड इन इंग्लंड'. टोपी आणि फणीच्या मध्ये एक कार्बन स्टीलचं पातं गंजून दोन्हींना चिकटलेलं. स्टेनलेस पाती 1960च्या दशकाच्या सुरुवातीला आली. त्याआधीची पाती ओली राहिली की दुसऱ्या दिवशी तांबडी व्हायची.

फणीच्या दातांमध्ये हिरवट थर होता, पण तो एकाच जातीचा नव्हता. हे बघायला भिंग लागतं आणि थोडा धीर. काही ठिकाणी हिरवा पदार्थ मेणासारखा मऊ होता, नखाने निघणारा. तो साबणाचा: दाढीच्या साबणातली चरबीची आम्लं पितळेतल्या तांब्याशी मिळून असा थर बनवतात. त्याने फारसं बिघडत नाही. दुसरा हिरवा कडक, दाणेदार, आणि त्याच्याखाली धातू खरोखर खाल्लेला. त्यावर पांढरट क्षाराचं कवच. आपल्याकडच्या विहिरींचं जड पाणी ज्याने तापवलं आहे, त्याला हे कवच ओळखू येईल. ते हंड्यावर बसतं तसं रेझरवरही बसतं.

आणि दांडा. वरच्या मानेपासून खाली जवळजवळ अर्ध्यापर्यंत एक सरळ उभा तडा, केसाएवढा. त्याच्या कडेने निकेलखालून गडद डाग पसरलेला. दांड्याची बाहेरची नळी आतल्या गाभ्यावर सैल फिरत होती. म्हणजे दांडा पिळला तरी टोपी घट्ट बसत नव्हती, आणि टोपी घट्ट बसत नसेल तर पातं हलतं. अशा रेझरने दाढी करणं धोक्याचं. मुलाला हा तडा दिसलाच नव्हता. त्याला काळवंडलेलं निकेल दिसत होतं.

साल कोणतं

घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी: आबा भुसावळला रेल्वेत गार्ड होते, आणि 1920 साली एका गोऱ्या साहेबाने त्यांना हा रेझर बक्षीस दिला. गोष्ट खानदेशात अगदी शोभणारी आहे. भुसावळ जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं मोठं ठाणं, तिथल्या क्वार्टर्समध्ये अँग्लो-इंडियन कुटुंबं मोठ्या संख्येने राहत, आणि माझ्या संग्रहातले चांगले इंग्रजी रेझर बहुतेक भुसावळच्याच भंगारातून आलेले आहेत. एक रोल्स रेझरसुद्धा तिथलाच: डबीच्या एका झाकणात सहाण, दुसऱ्यात चामडं, आणि एकच जाड पातं जे डबीतल्या डबीत परजायचं.

पण 1920 हे साल या रेझरला लागू पडत नाही. किंग कॅम्प जिलेट यांना दुधारी पात्याच्या रेझरचं अमेरिकन पेटंट 15 नोव्हेंबर 1904 रोजी मिळालं. त्याआधीच्या 1903 या विक्रीच्या पहिल्या वर्षात कंपनीचे 51 रेझर आणि 168 पाती खपली होती. त्या जुन्या घडणीच्या पात्याला तीन गोल भोकं असत, आणि टोपीखालच्या खिळ्यांत ती बसत. पेटंटची मुदत 1921मध्ये संपली, तरी भोकांची रचना तीच राहिली. बदल झाला 1930मध्ये. हेन्री गाइसमन यांच्या ऑटोस्ट्रॉप कंपनीशी जिलेटचं पात्यावरून भांडण लागलं आणि शेवटी त्याच वर्षी दोन्ही कंपन्या एक झाल्या. त्या घडामोडीतून जे नवं पातं आलं त्याला मधोमध लांब खाच होती आणि चारही कोपरे कापलेले होते. रेझरच्या टोपीचे कोपरेही कापले गेले, कारण जुन्या घडणीत रेझर फरशीवर पडला की टोपीचा पातळ कोपरा वाकायचा आणि पुढच्या प्रत्येक दाढीला तिथेच कातडी ओढली जायची.

आबांच्या रेझरची टोपी कोपरे कापलेली आहे. फणीवर लांब खाचेत बसणारी उभी पट्टी आहे. म्हणजे 1930च्या आधीचा तो असू शकत नाही. दुसऱ्या टोकाला, फणीला दात आहेत. जिलेटचं सपाट पट्टीचं 'टेक' हे मॉडेल 1930चं दशक संपता संपता आलं आणि त्यानंतर दातेरी फणी मागे पडत गेली. तेव्हा 1930चं दशक, एवढं मी खात्रीने सांगू शकलो. हे मी नानांना फोनवर सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प झाले, आणि मग म्हणाले की आबा नोकरीला लागलेच 1928च्या सुमाराला. साहेबाची गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही, फक्त दहा-पंधरा वर्षं पुढे सरकते. घरातल्या गोष्टी अशा तपासून घेतल्या की माझ्या मते त्या जास्त भक्कम होतात.

तडा कुठून आला

पडून तडा गेला असावा, हा मुलाचा अंदाज. पण पडल्याने नळी चेपते. ती अशी सरळ उभी उकलत नाही. उभा तडा एकच सांगतो: नळी आतून सतत ताणलेली होती. या दांड्यात पातळ पितळेची नळी आतल्या गाभ्यावर दाबून बसवलेली असते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात आणि ती गार होऊन चाकाला आवळते, तसा हा आवळ. नळीच्या घेरात तो ताण जन्मभर राहतो. एरवी पितळ तो मुकाट सोसतं. पण त्याच वेळी ओल आणि अमोनिया मिळाला की पितळेच्या कणांच्या सीमेसीमेने धातू खाल्ला जातो आणि ताणाच्या काटकोनात, म्हणजे उभा, तडा उघडतो. तांब्यात जस्ताचं प्रमाण जास्त असलेल्या पितळेला हा धोका विशेष. जिलेटचे त्या काळातले दांडे याच कारणाने जगभर तडकलेले सापडतात.

या शास्त्राचा धागा आपल्याच देशातला आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये साठवली जायची आणि त्यांची नळकांडी न वापरताच तडकायची. यालाच पुढे 'सीझन क्रॅकिंग' म्हटलं गेलं. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि काडतूस ओढून बनवताना त्यात राहिलेला ताण, या दोहोंच्या मेळाने हे घडतं, हे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी 1921मध्ये दाखवून दिलं. पुढे काडतुसं हलक्या आचेवर तापवून हा ताण काढण्याची रीत पडली.

हे डोक्यात असल्यामुळे मी मुलाला पहिला प्रश्न विचारला तो डबी कुठे होती हा. तो म्हणाला, कोनाड्यात. कोणत्या कोनाड्यात, हे त्याला नीट सांगता येईना, म्हणून मीच गावी गेलो.

घर जुनं, धाब्याचं, जाड मातीच्या भिंतींचं. पुढे ओसरी, मधे माजघर, आणि माजघराची मागची भिंत गोठ्याला लागून. कोनाडा त्याच भिंतीत. आबा गेल्यानंतर डबी तिथे ठेवली गेली आणि तिथेच राहिली. भिंतीच्या पलीकडे दोन बैल आणि एक म्हैस, वर्षानुवर्षं. गुरांच्या मुतातला युरिया जिवाणू फोडतात आणि अमोनिया सुटतो. पावसाळ्यात मातीची भिंत ओल धरते आणि वास माजघरापर्यंत येतो. त्यात नंतर खताची गोणीसुद्धा याच खोलीत रचली जाऊ लागली, युरियाची. बैल विकले गेले तरी अमोनिया राहिला. मी कोनाड्यात हात घातला तर मागची माती भर उन्हाळ्यात थंड आणि किंचित ओलसर लागली.

नाना खाटेवर बसून बघत होते. डबी माझ्या हातात दिसल्यावर त्यांनी ती मागून घेतली, रेझर बाहेर काढला आणि अहिराणीत म्हणाले, "हाई मना बापनं शे, भाऊ." मग अंगठा दांड्यावर जिथे ठेवला, तिथेच निकेल झिजून पितळ पिवळं दिसत होतं. आबांच्या अंगठ्याची ती जागा. दुसऱ्या बाजूला, जिथे बोट टेकतं, तिथे तसाच लहान पिवळा ठिपका. नानांनीच सांगितलं, आबा पातं काचेच्या पेल्याच्या आतल्या अंगावर घासून पुन्हा धार लावायचे, आठवडे चालवायचे, आणि ते अगदीच बोथट झालं की मधोमध मोडून अर्धं पोरांच्या पेन्सिलींना आणि अर्धं शिवण उसवायला द्यायचे.

त्या झिजेमुळे माझा निर्णय पक्का झाला.

सोन्याचं पाणी का नाही

सराफ बाजारातल्या कारागिराच्या हातात दोष नाही. जळगावात मुलाम्याचं काम उत्तम होतं, यात शंका नाही. पण मुलामा देण्याआधी जुनं निकेल आम्लाने उतरवतात आणि पितळ बफवर घासून गुळगुळीत करतात. त्यात दांड्याची खरखरीत जाळी बोथट होते, खूण पुसट होते, आणि आबांच्या अंगठ्याची झीज नाहीशी होते. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू निव्वळ धातूची आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते: तडा असलेली वस्तू मुलाम्याच्या टाकीत बुडवली की क्षारांचं पाणी तड्यात शिरतं. धुऊन ते पूर्ण निघत नाही. काही आठवड्यांनी ते पाझरून वर येतं आणि नव्या सोनेरी पृष्ठावर तड्याच्या ओळीने डाग उमटतात. शिवाय नळी सैलच राहिली असती. म्हणजे चमकणारा पण पातं न धरणारा रेझर. सहस्रचंद्रदर्शनाला नानांच्या हातात असा रेझर द्यायला मी तयार नव्हतो.

मुलगा नाराज झाला. त्याचं म्हणणं होतं की वस्तू त्यांची, आठवणही त्यांची, आणि वडिलांना ती चमकलेली बघायची आहे. हे म्हणणं चुकीचं नाही. मी एवढंच सुचवलं की नानांना विचारावं. नानांनी एकच विचारलं: "दाढी व्हई का?" होईल, असं म्हटल्यावर ते म्हणाले, मग तेवढंच करा.

डाग लावून सांधायचा पर्यायही पुढे आला. सोनारकामात वापरतात तो चांदीचा डाग सातशे अंशांच्या आसपास वितळतो; त्या आचेत निकेल जळेल आणि पितळ मऊ पडेल. कथलाचा डाग कमी आचेवर होतो, पण त्याला फ्लक्स, म्हणजे डाग धातूला नीट धरावा म्हणून लावायचं रसायन, लागतो, आणि आम्लाचा फ्लक्स तड्यात अडकून राहणार. तोही सोडला. माझ्याकडच्या सुट्या भागांतून दुसरा चांगला दांडा लावून देणं सगळ्यात सोपं होतं. पण तो आबांचा रेझर राहिला नसता.

काम

आधी चिकटलेलं पातं. ते ओढायचं किंवा चाकूने उचकटायचं नाही. फणीचे दात वाकतात. शिवणयंत्राच्या तेलात थोडं रॉकेल घालून डोक्याचा भाग त्यात बुडवून ठेवला, अधूनमधून बाहेर काढून हलवला, आणि गंज सुटल्यावर पातं तुकड्यांनी आलं. हातात जाड मोजे घालूनच. गंजकं पातं कापतं आणि धनुर्वाताची भीती असते, हे सांगायला नको.

मग कोमट पाणी, भांड्याचा साधा साबण, मऊ टूथब्रश. उकळतं पाणी मी कधीच वापरत नाही: निकेल सुटलेलं असेल तर ते पापुद्र्यासारखं उडतं, आणि बॅकेलाइटची मूठ असली तर ती निस्तेज होऊन जाते. मेणचट हिरवा थर एवढ्यानेच गेला. क्षाराचं कवच काढायला पातळ केलेला व्हिनेगर कापसाच्या बोळ्याने फक्त टोपीला आणि फणीला लावला, थोड्या वेळात पुसून स्वच्छ पाण्याने धुतला. दांड्याला आम्लाचा थेंबही लावला नाही. त्यात लिंबू आणि चिंच दोन्ही आली. आपल्याकडे पितळ म्हटलं की हात आपोआप चिंचेकडे जातो आणि तांब्या-घंगाळाला ती चालतेही, पण मुलामा दिलेल्या पितळेला आणि जस्ताच्या मिश्रधातूच्या रेझरला ती खाऊन टाकते. जस्ताचा रेझर ओळखायला लोहचुंबक कामाचं नाही, कारण पितळही त्याला चिकटत नाही. झिजलेल्या जागी पिवळं दिसलं तर पितळ, करडं दिसलं तर जस्त.

पितळेची बाजारातली पॉलिशही टाळली. त्यातल्या कित्येकांत अमोनिया असतो. ज्याने हा दांडा फोडला तेच पुन्हा तड्यात चोळण्यासारखं झालं असतं.

दांड्यासाठी सावकाश सुकणारं इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा चिकट पदार्थ) निवडलं, पाच मिनिटांचं नव्हे. तडा आधी ॲसिटोनने आतपर्यंत धुऊन कोरडा केला. मिश्रण किंचित ऊब देऊन पातळ केलं, म्हणजे ते नळी आणि गाभा यांच्यामधल्या फटीत स्वतःहून ओढलं जातं. इथे एक मोह होतो: नळी चिमट्यात धरून तडा पूर्ण मिटवावा, म्हणजे तो दिसणार नाही. हे करायचं नाही. तडा पडला तेव्हा नळीतला ताण मोकळा झाला. दाबून मिटवला की तोच ताण आपण पुन्हा भरतो, आणि पुढच्या पावसाळ्यात तडा खालून पुढे सरकतो. मी तो होता तेवढाच उघडा ठेवला, इपॉक्सीने भरला आणि वरचं सांडलेलं ओलं असतानाच पुसून घेतलं. आपल्याकडच्या मे महिन्यात ते सांगितलेल्या वेळेच्या आधीच वाळतं, पण मी त्याला पूर्ण वेळ दिला.

आटे तपासताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. या रेझरचे आटे इंचाच्या मापाचे आहेत: व्यास सुमारे 4.83 मिलिमीटर, एका इंचात 32 आटे. बाजारात मिळणारा पाच मिलिमीटरचा मेट्रिक टॅप (आटे पाडायचं हत्यार) त्याच्या इतका जवळ आहे की तो फिरतोही. लेथवाला "आटे साफ करून देतो" म्हणाला तरी त्याला तो घालू देऊ नये, आतलं पितळ खरवडलं जातं. इथे आटे चांगले होते. लाकडी काडीला कापूस गुंडाळून, तेल लावून तेवढे साफ केले. शेवटी स्पिरिटने निर्जंतुक केलं, कोरडं केलं, आणि निकेल नुसत्या मऊ सुती कापडाने पुसलं. काळपटपणा थोडा राहिला. पिवळे ठिपके जसेच्या तसे आहेत.

आजचं कोणतंही दुधारी पातं या टोपीत बसतं, हे मला या वस्तूंबद्दल सगळ्यात आवडणारं सत्य आहे. दुकानातलं काही रुपयांचं पातं घातलं, दांडा पिळला, नळी हलली नाही, दोन्ही कडांना पातं सारखं बाहेर आलं. आधी मी स्वतः दाढी केली. दातेरी फणी पट्टीच्या रेझरपेक्षा जास्त साबण सोडते आणि पात्याला जास्त मोकळीक देते, त्यामुळे हात हलका ठेवावा लागतो. एवढं मी मुलाला करून दाखवलं, कारण नानांचा हात आता थोडा कापतो.

नंतर

सहस्रचंद्रदर्शनाच्या सकाळी नानांची दाढी त्याच रेझरने मुलाने केली. मला फोटो आला. हनुवटीखाली एक बारीकसा काप होता, त्यावर तुरटी लावली होती.

डबी मी बदलायला सांगितली नाही, पण तिची जागा बदलायला सांगितली. ती आता पुढच्या खोलीत लोखंडी कपाटात आहे, सिलिका जेलच्या पुडीसोबत, आणि युरियाची गोणी मागच्या शेडमध्ये गेली. रेझर वापरून झाला की तिन्ही भाग सुटे करून पुसून ठेवायचे, पातं आत ठेवायचं नाही.

तड्याच्या खालच्या टोकाला मी दांड्यावर अगदी बारीक खूण केली होती, म्हणजे तो पुढे सरकला तर कळेल. पावसाळा संपल्यावर भिंगाखाली बघितला, खुणेच्या पुढे गेला नव्हता. मानेजवळ मात्र दुसरी एक पुसट रेघ आहे जी निकेलवरची ओरखड असेल किंवा नव्या तड्याची सुरुवात. ती मी फोटो काढून ठेवली आहे आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा ताडून बघणार आहे. फणीच्या एका दाताच्या मुळाशी हिरवं परत आलं होतं. ते ब्रशने काढलं, तेल लावलं, आणि ज्या बाजूने पाणी साचत होतं ती बाजू वर करून वाळवायला सांगितलं.

मुलाला अजून सोन्याचं पाणी हवं आहेच. त्याच्यासाठी मी संग्रहातला एक दुसरा जिलेट बाजूला काढला आहे, धड दांड्याचा आणि निकेल पूर्ण उडालेला. त्यावर ते शोभेल, आणि त्यात कुणाच्या अंगठ्याची जागा पुसली जाणार नाही.